चाकांवरचं घर (लेखांक ९) : चोरबाहुलीच्या पुढची रेंज

कामठीहून पेंचकडे निघालं की कन्हानच्या पुलावर फोनची रेंज भरलेली असते. मनसर मागे पडतं, चोरबाहुलीचं सागाचं जंगल सुरू होतं आणि एकेक कांडी गळू लागते. कॅरॅव्हॅनच्या आत तर ती आणखी लवकर गळते, कारण धातूची भिंत लहरी अडवते. फोन खिडकीशी नेला की एखादी कांडी परत येते. अशा वेळी कुणीतरी हमखास सुचवतं, ‘बूस्टर लावून टाका.’

बूस्टरचे भाग तीन. छतावरचा अँटेना टॉवरचा क्षीण सिग्नल पकडतो, मधलं यंत्र तो वाढवतं आणि आतला छोटा अँटेना तो फोनपर्यंत पोचवतो. विहिरीत पाणी असेल तरच मोटार ते वर चढवणार, कोरड्या विहिरीत मोटार सोडून काय उपयोग? छतावरही सिग्नल नसेल, तर बूस्टर कुठून आणणार? शिवाय दोन अँटेना जवळजवळ आले, की लाऊडस्पीकरसमोर माइक धरल्यावर उठते तशी शिटी रेडिओलहरींतही उठते. कॅरॅव्हॅनच्या लांबीत त्यांना पुरेसं दूर ठेवणं अवघडच.

यंत्र उलट दिशेनेही बोलतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. तुमच्या फोनचा आवाज ते टॉवरकडे वाढवून पाठवतं आणि त्यासोबत स्वतःचा गोंगाटही. त्या गोंगाटात टॉवरला दूरचे, दुबळे फोन ऐकू येईनासे होतात. देवलापारच्या बाजूला एका कांडीवर कुणी १०८ ला फोन लावत असेल, तर तोच आधी तुटायचा. मला ही गोष्ट कायद्याच्याही आधी महत्त्वाची वाटते.

अमेरिकेत २०१३ साली यासाठी नियम झाले. चालत्या वाहनात सगळ्या कंपन्यांच्या सिग्नलवर चालणाऱ्या, दोन अँटेनांच्या बूस्टरला ५० डेसिबलची, म्हणजे लाखपट वाढीची मर्यादा आहे आणि शिटी उठली की यंत्राने आपोआप गप्प व्हायचं. तिथल्या ट्रेलरवाल्यांचे व्हिडिओ पाहून आपण इथे तेच मागवतो. भारतात मात्र परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज कुणीही बूस्टर बाळगणं, विकणं किंवा वापरणं बेकायदा आहे. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये हे पुन्हा बजावलं, तरी ऑनलाइन दुकानांत ही यंत्रं दिसतात. विकायला ठेवलंय म्हणून ते चालतं, असं समजू नका.

मग करायचं काय? बाहेरचे अँटेना जोडता येतील असा सिमचा फोरजी राउटर घ्या. इथे सिग्नल वाढवणारं यंत्र नसतं, फक्त राउटरचे कान भिंतीबाहेर येतात. फोरजीला अँटेना दोन लागतात. केबल जाड आणि शक्य तितकी आखूड ठेवा, लांब केबलमध्ये मिळवलेलं तिथेच गळून जातं. गाडी चालू असताना सगळीकडून ऐकणारा अँटेना बरा. मुक्कामी टॉवरकडे तोंड करून बसवलेला दिशादर्शी अँटेना जास्त देतो. फोनवर वायफाय कॉलिंग सुरू केलं, की धातूच्या भिंतीआतही नेहमीच्या नंबरवरून बोलणं होतं.

दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं ठेवा. नकाशे मनसरच्या आधीच उतरवून घ्या. आणि आपल्या कंपनीची रेंज गेली तरी ११२ लावून पाहा. दुसऱ्या कंपनीचा टॉवर टप्प्यात असेल, तर फोन त्यावरून तो कॉल लावू शकतो.

(पुढच्या आठवड्यात : मुक्कामाची जागा आणि पाणी)