निवडणुका तिकडच्या, माग भिवंडीचे

४ जून २०२४ रोजी भिवंडीत केंद्रीय पंचायतराज राज्यमंत्री कपिल पाटील पराभूत झाले. २०१९ मध्ये दीड लाखांहून अधिक मतांनी निवडून आलेल्या पाटलांना राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामा यांनी ६६ हजारांवर मतांनी हरवले. अपक्ष नीलेश सांबरे यांनी २ लाख ३१ हजारांवर मते घेतली. निकालाचा अर्थ लावला गेला तो आगरी, कुणबी आणि मुस्लिम मतांच्या हिशेबाने. तो हिशेब खोटा नाही, पण अपुरा आहे.

कारण त्या वर्षी सत्ताधाऱ्यांना दणका देणारे भिवंडीकर एकटे नव्हते. भाजप देशात ३०३ वरून २४० जागांवर आला. दक्षिण आफ्रिकेत मंडेलांच्या पक्षाने १९९४ नंतर प्रथमच बहुमत गमावले. ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाची चौदा वर्षांची सत्ता गेली, बोत्स्वानात तर ५८ वर्षांची. जपानच्या सत्ताधारी आघाडीने कनिष्ठ सभागृहातले बहुमत घालवले आणि अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प परतले. प्रत्येक देशाची कारणे वेगळी होती. तरी करोनानंतरची महागाई आणि घरखर्चाची ओढाताण हा धागा बहुतेक ठिकाणी सापडतो.

या नाराजीला सरकारांनी दिलेले उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रात ते थेट खात्यात आले: ‘लाडकी बहीण’चे महिना १५०० रुपये. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत भिवंडी लोकसभेतल्या सहापैकी पाच जागा महायुतीने जिंकल्या. फक्त भिवंडी पूर्व समाजवादी पक्षाच्या रईस शेख यांनी राखली. अमेरिकेत उत्तर मिळाले ते आयातशुल्काच्या रूपाने. २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क लागू झाले. आपल्या मतदाराला दिलासा देण्यासाठी दुसऱ्याच्या मालाला दार बंद करायचे, हे आजच्या जागतिक राजकारणाचे मुख्य सूत्र झाले आहे.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर; पण इथला माग बहुधा थेट निर्यात करत नाही. व्यापारी सूत देतो, मागवाला मीटरमागे मजुरी घेऊन ग्रे (कोरे, न रंगवलेले) कापड विणतो, पुढे ते रंगाईला आणि शिलाईला जाते. पण तिरुपूरच्या किंवा नोएडाच्या कारखान्याची अमेरिकी ऑर्डर थांबली, की निर्यातीसाठीचा माल देशी बाजारात उतरतो आणि भाव पडतो. शेवटी कात्री लागते ती या मजुरीला. सूत, वीज आणि सायझिंगचा (सुताला खळ देण्याचा) खर्च मात्र तसाच राहतो.

हे शुल्क येत असताना केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते उठवले. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळाला, विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाच्या पोटात गोळा आला. वॉशिंग्टनच्या एका निर्णयाने महाराष्ट्राचा शेतकरी आणि महाराष्ट्राचाच विणकर यांची हिते परस्परांविरुद्ध उभी केली.

बांगलादेशातल्या निवडणुकीचे पडसादही असेच इथपर्यंत आले. ७ जानेवारी २०२४ च्या निवडणुकीवर प्रमुख विरोधी पक्षाचा बहिष्कार होता. पंतप्रधान शेख हसीना जिंकल्या, पण ५ ऑगस्टला त्यांना देश सोडावा लागला. मतपेटीत पर्याय उरला नाही की लोक रस्त्यावर तो शोधतात. पुढे भारत-बांगलादेश संबंध बिघडले आणि १७ मे २०२५ रोजी भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना भूमार्गाने येण्यास बंदी केली. फक्त कोलकाता आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातून येण्याची मुभा ठेवली. २०११ पासून जवळजवळ विनाशुल्क येणाऱ्या या कपड्यांशी स्पर्धा करणाऱ्या देशी उद्योगाला थोडी उसंत मिळाली. मात्र ही उसंत राजनैतिक तणावाची देणगी आहे, धोरणाची नव्हे. संबंध सुधारले की ती संपेल. दुसरीकडे, ब्रिटनच्या नव्या मजूर सरकारशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार कराराने कापड-कपड्यांना तिथे शुल्कमुक्त प्रवेशाची वाट मोकळी केली. तिथल्या बाजारात चालेल अशा दर्जाचे कापड काढायला आधुनिक, शटललेस माग लागतात. साधे जुने माग चालवणाऱ्या छोट्या मालकाला भांडवल न मिळाल्यास हा करार त्याच्या दारावरून निघून जाईल.

हे सगळे फटके प्रथम सोसतो तो कामगार. तो उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा किंवा तेलंगणातून आलेला असतो. अनेकांचे नाव आजही गावच्या मतदारयादीत आहे. मतदानाला जायचे तर मजुरी बुडवून लांबचा प्रवास करावा लागतो. २० मे २०२४ ला भिवंडीत मतदान झाले, तेव्हा ज्यांच्या श्रमावर हे शहर उभे आहे त्यातल्या अनेकांना इथे मतच नव्हते. ज्याच्या आयुष्यावर जगाच्या निवडणुकांचा सर्वाधिक परिणाम, त्याचाच आवाज निवडणुकीत सर्वांत क्षीण, हे माझ्या मते आजच्या लोकशाहीचे मोठे दुखणे आहे.

त्यावर उपाय आहेत. वर्षानुवर्षे इथे राहणाऱ्या कामगारांची नोंदणी इथल्या यादीत व्हावी, यासाठी मोहल्ल्यांत, कारखान्यांत मोहीम हवी. आणि रस्ते, पाणी, वीज यांच्या जोडीला उमेदवाराला आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे: सुताचे भाव, आयातशुल्क आणि व्यापार करार यांवर संसदेत तुम्ही कोणती भूमिका घेणार? जातींची बेरीज जमवून खासदार निवडून येतो. पण त्याने दिल्लीत हा प्रश्न मांडला नाही, तर भिवंडीच्या मजुरीचा दर भिवंडीला न विचारताच ठरत राहील.