तुरटीचा आयन आणि जीर्ण अंक

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील चांदनीलगत, नेपानगर येथे, वृत्तपत्री कागदाचा देशातील पहिला कारखाना उभा राहिला. १९५५ साली उत्पादन सुरू झाले आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. परदेशी कागदावर विसंबलेल्या वृत्तपत्रसृष्टीला सलईच्या लाकडापासून व बांबूपासून निघालेला हा स्वदेशी कागद मोलाचा होता. परंतु वृत्तपत्री कागद देशी असो वा विदेशी, त्याचे आयुष्य अल्पच. त्या काळातील एखाद्या दैनिकाची बांधीव फाईल आज उघडावी, तर कडा पिवळ्या पडलेल्या दिसतात आणि पान उलटताच त्यांचा चुरा हाती येतो.

यात दोष दोन. लाकूड दळून केलेल्या लगद्यात लिग्निन राहून जाते. ऊन व हवा लागून ते पिवळे पडते. ठिसूळपणाचे मोठे कारण मात्र आम्ल, आणि त्याचा एक उगम तुरटीत आहे. कागदावर शाई फुटू नये म्हणून लगद्यात राळ व तुरटी मिसळण्याची रीत जर्मनीच्या मोरिट्झ इलिग यांनी १८०७ साली प्रसिद्ध केली. वृत्तपत्री कागदाला राळेची खळ फारशी लागत नाही. तरी लगद्यातील चिकट द्रव्य आवरण्यासाठी आणि बारीक तंतू जाळीवर टिकविण्यासाठी तेथेही तुरटी वापरली गेली. गिरण्यांची ही तुरटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. पावसाळ्यात गढूळ पाणी निवळविणाऱ्या घरगुती तुरटीची सख्खी बहीणच म्हणा.

ती आम्ल का निर्माण करते, याचे उत्तर अ‍ॅल्युमिनियमच्या आयनाच्या आकारात आहे. धातूचा अणू आपले सर्वांत बाहेरचे, सैल धरलेले इलेक्ट्रॉन गमावतो आणि धनभारित आयन बनतो. बाहेरचे कवचच गेल्याने तो आकसतो. सोडियम १, मॅग्नेशियम २ आणि अ‍ॅल्युमिनियम ३ इलेक्ट्रॉन देतो. तिघांकडेही मागे १०च उरतात. पण अणुगर्भातील प्रोटॉन अनुक्रमे ११, १२ व १३. इलेक्ट्रॉन तेवढेच आणि ओढ मात्र वाढती, म्हटल्यावर आकार घटणारच. स्फटिकांवरून काढलेल्या त्यांच्या त्रिज्या सुमारे १०२, ७२ आणि ५४ पिकोमीटर भरतात. पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग. कॅल्शियमही २च इलेक्ट्रॉन देतो, परंतु त्याच्यापाशी आणखी एक कवच शिल्लक राहते. म्हणून त्याचा आयन मॅग्नेशियमहून मोठा, सुमारे १०० पिकोमीटरचा.

तिप्पट भार आणि तोही एवढ्याशा देहात! पाण्यात या आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू गोळा होतात. त्यांच्यातील ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन तो इतक्या जोराने आपल्याकडे खेचतो, की एखाद्या रेणूतील हायड्रोजनची पकड ढिली होऊन तो धनभारासह निसटतो. आम्ल म्हणतात ते हेच. त्याची तीव्रता जवळपास व्हिनेगरमधील आम्लाच्या तोडीची असते. मोठा, एकेरी भाराचा सोडियम असे काही करीत नाही, म्हणूनच मिठाचे पाणी आंबट लागत नाही.

हे आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या पाण्याच्या साह्याने तोडीत जाते. उष्मा व दमटपणा यांनी त्या कामाला वेग येतो, आणि दोन्हींचा तुटवडा आमच्या किनारपट्टीला कधीच नव्हता. पणजीच्या १८३२ साली स्थापन झालेल्या ग्रंथालयापासून गावोगावच्या वाचनालयांपर्यंत ही चिंता सर्वांची आहे.

उपाय नाही असे नाही. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी गेल्या शतकाच्या मध्यास कॅल्शियमच्या क्षारांनी कागदातील आम्ल मारण्याची रीत रूढ केली. मागे उरणारा कार्बोनेट पुढे तयार होणारे आम्लही शोषून घेतो, आणि मोठा, कमी भाराचा कॅल्शियम स्वतः नवे आम्ल सोडीत नाही. परंतु तुटलेली साखळी याने सांधत नाही. चुरा झालेल्या पानाला कोणताही क्षार वाचवू शकत नाही. अशा पानांची छायाचित्रे घेणे एवढेच हाती राहते. तेव्हा सरकारने व ग्रंथालयांनी सर्वांत जुन्या अंकापासून सुरुवात करण्याचा सोपा मार्ग धरू नये. चिंध्यांच्या कागदावरील जुने अंक पुष्कळदा धडधाकट असतात. ज्यांची एकच प्रत उरली आहे आणि जिचे पान अजून उलटता येते, असे लाकडी लगद्यावरील अंक आधी हाती घ्यावेत, आणि तेही येत्या पावसाळ्यापूर्वी.