उतरलेल्या बॅटरीच्या पोटात

हेडलाइट लख्ख लागतात. हॉर्न सगळ्या ट्रकतळाला जाग आणेल इतक्या जोरात वाजतो. पण सेल्फ मारला की केबिनखालून नुसतं 'टक'. पुन्हा मारला की 'टकटकटकटक'. कळंबोलीला लोखंड भरून उभ्या असलेल्या एका ट्रकपाशी मी हे पहिल्यांदा नीट कान देऊन ऐकलं आणि प्रश्न पडला, दिव्यांना पुरणारी वीज सेल्फलाच का पुरत नाही?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सतराअठरा पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या धगीनं डिझेल पेटतं. इंजिन स्वतः फिरू लागेपर्यंत ही दाबण्याची मेहनत सेल्फला करावी लागते आणि त्यासाठी तो शेकडो अँपिअर ओढतो. दोन हेडलाइटना मिळून लागतात सहाएक. आता बॅटरीचा आतला अडथळा, म्हणजे रोध, वाढला आहे असं समजा. सहा अँपिअरला तो जाणवतही नाही. पण पाचशे अँपिअर वाहायला लागले की ट्रकच्या चोवीसपैकी निम्मे व्होल्ट बॅटरीच्या पोटातच खर्च होतात. सेल्फचा सोलेनॉइड, म्हणजे त्याचा विजेवर चालणारा खटका, आत ओढला जातो, तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो. भार गेला की व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा ओढला जातो. ती टकटक म्हणजे बॅटरीला लागलेली धाप.

हा अडथळा येतो कुठून? १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं शिशाचे दोन पत्रे गुंडाळून गंधकाम्लात बुडवले. ट्रकखालच्या बॅटरीत आजही तीच रचना आहे, फक्त पत्र्यांच्या जागी लेप भरलेल्या जाळीदार प्लेटा आल्या. एका प्लेटेवर शिसं, दुसरीवर शिशाचा ऑक्साइड. वीज देता देता दोन्हींचं रूपांतर एकाच पदार्थात होतं: लेड सल्फेट. ॲसिडमधला सल्फेट प्लेटांत जाऊन बसतो आणि उरतं पाण्यासारखं पातळ ॲसिड. दोन्ही प्लेटा एकसारख्या झाल्या की देणंघेणंच थांबतं. म्हणून हायड्रोमीटरच्या काचेतला तरंगता दांडा बॅटरीचं अंतरंग इतकं अचूक सांगतो. ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, साडेबाराशेच्या आसपास असेल तर पोट भरलेलं. साडेअकराशेच्या खाली असेल तर सल्फेट प्लेटांत अडकलेला.

इथे थोडं थांबायलाच हवं. शिशाच्या अणूत ८२ प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळजवळ साठ टक्के वेगानं धावतात. एवढ्या वेगाला आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद लागू होतो आणि अणूची सारी घडी बदलते. २०११ मध्ये राजीव आहुजा, पेक्का प्युक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब मांडला: शिशाच्या एका सेलच्या सुमारे २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट केवळ या परिणामातून येतात. आवर्तसारणीत शिशाच्या बरोबर वर कथील आहे, गुणांनी शिशाचा भाऊच; पण त्याच्यात हा परिणाम फार थोडा, म्हणून कथलाची अशी बॅटरी होत नाही. ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, म्हणजे बारा सेल. त्या चोवीस व्होल्टमधले वीसहून अधिक सापेक्षतावादाचे आहेत. मला हे कळल्यापासून ट्रक सुरू होण्याचा आवाज वेगळाच ऐकू येतो.

तर सल्फेट. ताजा सल्फेट पिठीसाखरेसारखा बारीक असतो, चार्जिंग मिळालं की चटकन विरघळतो. पण ट्रक माल नसल्यानं महिनाभर उभा राहिला, बॅटरी अर्धी उतरलेलीच राहिली, तर बारीक कण विरघळून मोठ्यांवर जमत जातात. पिठीसाखरेची खडीसाखर होते. प्लेट झाकली जाते, अडथळा वाढतो.

बॅटरी जिवंत करणं म्हणजे ही खडीसाखर पुन्हा विरघळवणं. त्याला घाई चालत नाही. जोडी सोडवायची, प्रत्येक बॅटरी वेगळी चार्जिंगला लावायची. दीडशे अँपिअर-तासाची असेल तर सातआठ अँपिअरवर, दिवसभर किंवा त्याहून जास्त. पाणी कमी झालं असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, ॲसिड नाही; ॲसिड कुठे गेलेलं नसतं, ते प्लेटांत असतं. जागा मोकळी हवी आणि विडी लांब, कारण शेवटी बाहेर पडणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी स्फोट होऊ शकतो. मग तासातासाला सहाही सेलची ग्रॅव्हिटी बघायची. सगळे हळूहळू वर सरकले तर बॅटरी वाचली. पाच चढले आणि एक तिथेच बसला, तर तो सेल बहुधा आतून शॉर्ट झालेला असतो. प्लेटांचा लेप गळून तळाला गेला असेल, तर तोही कुठल्या चार्जरनं परत चढत नाही.

कुठल्या पुडीनंही नाही. अमेरिकेत 'एडी-एक्स२' नावाची, बॅटरीत टाकायची अशी एक पूड खपत होती, मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियम सल्फेटची. तिचा उपयोग होत नाही असं सरकारी प्रयोगशाळेनं दाखवलं, तर १९५३ मध्ये वाणिज्यमंत्र्यांनी प्रयोगशाळेचे प्रमुख ॲलन ॲस्टिन यांनाच पद सोडायला लावलं. देशभरचे शास्त्रज्ञ खवळले, ॲस्टिन परत आले आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनंही पुडीत काही गुण नसल्याचं सांगितलं. बॅटरीच्या पाण्यापायी एवढं रामायण! पण मोजमाप खरं ठेवण्यासाठी ते लोक भांडले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

एक गेली तर एकच बदलावी, असं मालकाला वाटणं साहजिक आहे. पैशांचा प्रश्न असतो. पण दोघी एकामागे एक जोडलेल्या. अल्टरनेटर दोघींना मिळून अठ्ठावीस व्होल्ट देतो, वाटणी बघत नाही. जुनी तेरावरच अडते, नवी पंधरावर उकळते, आणि काही महिन्यांत नवीही जुनी होते. केबिनमधल्या टेपसाठी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्टची वायर ओढली तरी असंच घडतं: एक रोज थोडी जास्त उतरते आणि तिचीच खडीसाखर होते. म्हणून बदलायच्या तर दोन्ही, सारख्या क्षमतेच्या, एकाच वेळी.

जुनी जोडी दुकानदार वजनावर परत घेतो. तिथून ती परवाना असलेल्या भट्टीत जायला हवी. वस्तीतल्या उघड्या भट्टीचा शिशाचा धूर तिथल्या लेकरांच्या मेंदूवर जातो. नीट वितळवलेलं शिसं मात्र झिजत नाही, त्याच्या पुन्हा प्लेटा ओततात. नव्या कोऱ्या जोडीतलं बरंचसं शिसं याआधी कुणाच्या तरी ट्रकखाली राहून आलेलं असतं.