ठिपके गेले म्हणजे रोग गेला नव्हे

खाऱ्या पाण्यातील शोभिवंत माशांच्या धंद्यात मोठा फटका बसतो तो पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने. क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी जंतू काही दिवस माशाच्या कातडीत राहतो, मग गळून टाकीच्या तळाशी कवच धरतो. मोरचुदाचे औषध त्याला या दोन्ही ठिकाणी लागत नाही. कवचातून सुटून पोहणारी पिल्लेच तेवढी मरतात. म्हणून ठिपके जाताच औषध थांबवू नये. लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे किमान ३ आठवडे टिकवावे, रोज मोजावे. कमी पडल्यास रोग उलटतो, जास्त झाल्यास मासा दगावतो. उपचाराची टाकी वेगळी ठेवावी, कारण प्रवाळ व कोळंबी तांब्याने मरतात. दुकानदार बंधूंनो, अर्धवट बरा झालेला मासा विकला तर गिऱ्हाइकाची सगळी टाकी आजारी पडते. ते गिऱ्हाईक पुन्हा आपली पायरी चढत नाही.