टेकडीच्या पायऱ्यांवर

देवासला दवाखाना थाटला तेव्हा पहिले काही रविवार घरातच कंटाळण्यात गेले. पुढे आम्ही उभयता माताजीच्या टेकडीवर जाऊ लागलो. वर तुळजाभवानी व चामुंडा, पायथ्याशी कुमार गंधर्वांचे घर. क्षयाने जर्जर कुमारजी १९४८ मध्ये देवासला आले. गाण्यास मनाई होती, ऐकण्यास नव्हती; आजारपणात कानी पडलेली माळव्याची लोकगीते पुढे त्यांच्या गायकीत उतरली.

मी मात्र ऐकायला उशिरा शिकलो. एका रविवारी पायऱ्यांवर एक ओळखीची माता भेटली. तिचे तान्हे सतत गुंगीत असे. दोनदा तपासूनही मला कारण उमगले नव्हते. दवाखान्यात अवाक्षर न काढणारी ती तेथे सहज बोलून गेली, की शेतावर जाताना बाळाला अफूची चिमूट चाटवते. श्वास मंदावणारी अफू! बाळाला तडक इस्पितळात हलविले, ते वाचले.

पावसाळ्यात आम्ही धारमार्गे मांडूला जातो. वाटेत धारचा किल्ला, दुसऱ्या बाजीरावांचे जन्मस्थान (१७७५). पुढे जहाजमहालाच्या दोन्ही अंगांना भरलेली तळी. गोरखचिंचेची फळे विकणाऱ्या बायांपाशी मी हमखास रेंगाळतो, मुले किती झोपतात ते विचारतो. सौ. म्हणते, ‘‘सहलीला आलात की राउंडला?’’