जिहाद म्हणजे नेमकं काय?

कापूरहोळच्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत कुणीतरी थट्टेत ‘जिहाद’ म्हणालं. गटातल्या भाभी हप्ता भरून गुपचूप निघून गेल्या. तेव्हा आम्ही ठरवलं, हा शब्द आधी समजून घेऊ.

‘जिहाद’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ आहे कसोशीने प्रयत्न करणं. कुराणात प्रत्यक्ष लढाईसाठी ‘किताल’ हा वेगळा शब्दही आहे. सूफी मंडळी स्वतःच्या लोभाशी, रागाशी झगडण्याला मोठा जिहाद मानतात आणि रणांगणावरच्या लढाईला छोटा. जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांत मात्र युद्धाचाच अर्थ जास्त येतो. पण तिथेही बायका-मुलांना मारू नये, असा दंडक आहे. अतिरेकी नेमका तोच मोडतात.

मनातली लढाई आपल्या मराठीलाही नवी नाही. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांनी १६४५ साली मराठीत ग्रंथ पुरा केला, त्याचं नावच ‘योगसंग्राम’. त्यातला संग्राम माणसाच्या आतल्या विकारांशी आहे.

पुढच्या बैठकीआधी आम्ही भाभींच्या घरी जाणार आहोत, माफी मागायला. आपली चूक कबूल करायची तर आधी मनाशीच झगडावं लागतं. तोही जिहादच की!