तळ्याचा घाट कुणासाठी?

मैत्रिणींनो, आमचं पनवेल हे तळ्यांचं गाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे ही नावं घेतली तरी जुन्या पनवेलकरणीला गार वाटतं! वडाळे तळ्याकाठी आता फिरायला छान वाट झाली आहे. संध्याकाळी मीही जाते. पण तळं सुधारायचं म्हणजे कठडा, फरशी नि दिवे, एवढंच का हो? पाण्यात उतरायचं कुठं?

शाळेत एकदा सहज विचारलं, "पोहता कुणाकुणाला येतं?" सबंध वर्गात चार हात वर. आणि हीच मुलं पावसाळ्यात गाढेश्वरला, पांडवकड्याला जायचा हट्ट धरतात. तिथे दरवर्षी बंदी घालावी लागते, ती का उगीच?

म्हणून मागच्या भिशीत मी विषय काढला, की एका तळ्याला पोहण्यापुरता घाट मागू या. झालं! एकच गलका. "पाणी घाण असतं." खरं आहे. सांडपाणी थांबवून पाणी तपासल्याशिवाय मुलांना उतरवू नयेच. "कुणी बुडालं तर?" हेही खरं. उथळ भाग दोर लावून वेगळा हवा, राखणीला पोहणारा माणूस हवा, बायकांसाठी ठरलेली वेळ हवी. मग एकजण हळूच म्हणाली, "अहो, पण मग झोपडपट्टीतली पोरं येऊन पडतील तिथे."

चहा तसाच राहिला माझा. पोटातली गोष्ट ही होती तर!

बाई गं, आपलं पनवेल नि महाड एकाच जिल्ह्यातली. तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड. महाडच्या नगरपालिकेनं 1924 साली चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तिथलं पाणी प्याले, तर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि ठरावही मागे घेतला गेला. तळं खाजगी आहे म्हणून विरोधक कोर्टात गेले. मुंबई हायकोर्टाचा निकाल 1937 साली लागला, अस्पृश्यांच्या बाजूनं. तिथे प्रश्न पिण्याच्या पाण्याचा होता, आपला पोहण्याचा. दोन्ही एका मापानं मोजत नाही मी. पण "कुणाची पोरं" हा सवाल तोच नाही का?

माझी आजी नऊवारीचा काचा मारून विहिरीत उडी घ्यायची. आम्हा मुलांच्या पाठीला वाळका भोपळा नाहीतर बंद पत्र्याचा डबा बांधून तिनंच पोहायला शिकवलं. कुणी गटांगळी खाल्ली तर आधी काठावरून लुगडं फेकायचं, स्वतः उडी मारायची नाही, हेही तिचंच. तुम्हीही मुलांना हे सांगून ठेवा बरं.

अर्ज मी लिहून ठेवलाय. 'सर्वांसाठी' हा शब्द काढला तर सह्या जास्त मिळतील, असं भिशीतल्या दोघी म्हणतात. मी तो काढलेला नाही. आजवर सात सह्या झाल्यात.